वन्संचे मुंगळे

वन्सं, तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. शेवटचे पाहुणे परवा ठाण्याला परत गेले, काल हे कचेरीत रुजू झाले, आणि आज सकाळी नऊनंतर घरात मी आणि तुमचे मुंगळे एवढेच उरलो. साखरपाण्याचा बोळा बदलला. काल दिव्यापाशी पडलेला एक पतंग बरणीत टाकला. तो ओढून न्यायला आधी दोघं आले, मग पाच, मग मोजता येईनात. मी मान वर करून म्हटलं, "बघा, पंख आधी कापताहेत." म्हटल्यावर लक्षात आलं की पाटावर कुणी नाही.

लोकांनी तुमच्याबद्दल पुष्कळ चांगलं सांगितलं. सोशिक, धर्मशील, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी ऐकून घेतलं. मला माहीत असलेल्या वन्सं झाडलोट करताना मेलेलं झुरळ दिसलं की खजिना सापडल्यासारख्या हाक मारायच्या, "मालू, केरात टाकू नकोस गं, माझं आहे ते!" हे त्या मंडळींना कुठं सांगायचं?

तुम्ही डोंबिवलीला या घरी राहायला आलात ते अजून डोळ्यांपुढे आहे. एक ट्रंक, एक वळकटी. ट्रंकेत चार लुगडी आणि लुगड्यांत गुंडाळलेली एक चौकट. मला वाटलं, भावजींची तसबीर असणार. मी देवघराशेजारची खुंटीसुद्धा मोकळी करून ठेवली. तुम्ही लुगडं सोडलंत तर दोन काचा, त्यांच्यामध्ये बोटभर रिकामी फट, वर लाकडी झाकण आणि झाकणाला बारीक जाळी.

"हे काय?"

"घर आहे," तुम्ही म्हणालात. "यांनी केलेलं."

भावजी शेतकी शाळेत शिकवत होते. लग्नानंतरच्या दोन वर्षांत त्यांनी तुम्हाला कीटक बघायला शिकवलं, आणि मग तापात गेले. त्यानंतर बारा वर्षं सासरी तुम्ही ती चौकट ट्रंकेच्या तळाशी ठेवलीत. तिथे कुणाला मुंग्या पाळलेल्या चालल्या नसत्या. मलाही चालणार नव्हत्या, खरं सांगते. माझ्या डब्यांच्या कपाटाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या, मुंग्या वर चढू नयेत म्हणून. आणि पहिल्याच पावसाळ्यात तुम्ही अंगणातून मुंगळ्याची एक राणी पकडून आणलीत, आणि कोळी-पाली येऊ नयेत, मुंगळे बाहेर पडू नयेत म्हणून चौकट पाणी भरलेल्या परातीत उभी केलीत. माझी चांगली पितळी परात!

साखर तेव्हा रेशनवर मिळायची. मी यांच्यापाशी कुरकुरले. हे म्हणाले, "ताईला दुसरं काय आहे? देऊ दे चिमूटभर." तुम्ही ते ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही चहा बिनसाखरेचा प्यायला लागलात. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. हीच आपली रीत पडली, नाही? पाहायचं आणि बोलायचं नाही.

मुंगळ्यांबद्दल मात्र तुम्ही बोलायचात. दुपारी जेवणं झाली, भांडी घासून झाली की तुम्ही काचेवरचा लाल पतंगी कागद बाजूला करायचात. लाल उजेड त्यांना अंधारासारखाच, म्हणून तो कागद. सुरुवातीला मी लांबूनच पाहायची. मग एकदा विचारलं, "ही पांढरी अंडी इतकी मोठी कशी? मुंगळ्याएवढीच आहेत."

"ती अंडी नव्हेत. अंडी अगदी बारीक असतात, रव्याच्या कणासारखी. हे कोश. आत मुंगळा तयार झालेला आहे."

त्या दिवशी मी पाट ओढून जवळ बसले. मग रोजच बसू लागले. सकाळी काचेच्या वरच्या बाजूला ऊब आली की मुंगळे कोश वर न्यायचे, दुपारी तापलं की खाली ओलीकडे. माती सुकली तर सगळा संसार हलवायचे. म्हणून तुम्ही एका कोपऱ्यात कापसाची वात पाण्यात बुडवून ठेवायचात, आणि दुसरा कोपरा मुद्दाम कोरडा. "त्यांना काय हवं ते आपण ठरवायचं नाही. दोन्ही ठेवायचं. ते निवडतात." यांनी ट्रंक धाडकन बंद केली की आतले सगळे जण तोंडात एकेक कोश धरून सैरावैरा पळायचे, आणि तुम्ही सख्ख्या भावावर डोळे वटारायचात. एरवी यांच्यापुढे तुमचा आवाज कधी निघाला नाही.

एक मुंगळा दुसऱ्याच्या तोंडाला तोंड लावतो ते तुम्ही मला भिंगातून दाखवलंत. "त्यांना दोन पोटं असतात, मालू. एक स्वतःचं आणि एक सगळ्यांचं. बाहेरून खाऊन येतो तो आधी सगळ्यांच्या पोटात साठवतो. मागेल त्याला देतो." मी म्हटलं, "बाईचं पोट तरी निराळं कुठं असतं?" तुम्ही हसलात. मी तुम्हाला खळखळून हसताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तोवर मला दोनदा दिवस राहिले होते, आणि दोन्ही वेळा चौथा महिना उलटला नाही. दुसऱ्या खेपेला तुम्ही इथेच होतात. माझं सगळं तुम्ही केलंत, पाणी तापवण्यापासून ते नको ते बाहेर नेऊन पुरण्यापर्यंत. त्याबद्दलही आपण एक शब्द बोललो नाही.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी ती गोष्ट घडली. आपली घरमालकीण जानकीबाई ओटीवर आली होती. मिठागरं आणि शेतं राखलेल्या घरातली ती बाई, आपल्या खोल्या बांधल्या तरी तिचा जीव अजून मातीतच. तुम्ही त्या वर्षी आणखी एक राणी पकडून काचेच्या नळीत ठेवली होती, आणि आदल्या दिवशी जानकीबाईनं ती नळी उचलून, हलवून, उजेडात धरून पाहिली होती.

"काल अंडी व्हती गो हिच्यात. आज कुठं गेली?"

तुम्ही नळीला काळं फडकं गुंडाळता गुंडाळता म्हणालात, "हलवलंत ना तुम्ही. धक्का बसला, घाबरली, की ती आपलीच अंडी खाऊन टाकते. पहिलटकरीण असते. धीर नसतो."

जानकीबाईनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या पोटाकडे पाहिलं. तुम्ही फडक्याची गाठ मारत होतात, तुमची मान खाली होती. मी उठून आत गेले.

तुम्ही हे मला उद्देशून म्हणालात का, वन्सं? त्या दिवशी मला वाटलं, हो. पहिल्या खेपेला मी पाण्याचा हंडा उचलला होता, दुसऱ्या खेपेला सगळे नको म्हणत असताना माहेरी गेले होते. सासूबाईंनी पत्रातून दोन्ही गोष्टी ऐकवल्या होत्या. मला वाटलं, तुमच्याही मनात तेच होतं आणि आज मुंगळ्यांच्या निमित्तानं बाहेर आलं. तुम्ही सगळं करत होतात तेव्हासुद्धा तुम्हाला हेच वाटत होतं, असं मनात आलं आणि मग ते जाईना.

चारच दिवसांनी मलेरियाचे फवारणीवाले आले. तुम्ही सकाळीच शहाडला आत्याबाईंकडे गेला होतात. फवारणीवाल्यांनी दारातून सांगितलं, धान्य, पाणी, भांडी, अंथरुणं सगळं बाहेर काढा. मी काढलं. देवांचं ताम्हन काढलं, लोणच्याच्या बरण्या काढल्या, यांचे जोडे काढले. चौकट फळीवर होती, तशीच होती. फवारणीवाला आत जाऊन परत दाराशी आला.

"बाई, फळीवर काच आहे मोठी. बाहेर घेता का?"

मी अंगणात उभी होते. हातात काही नव्हतं. दहा पावलं चालायचं होतं.

"राहू दे," मी म्हटलं. "देवाची तसबीर नाही ती."

एवढंच झालं. पंपाचा फस्‌ फस्‌ आवाज मी मोजत उभी राहिले. तो थांबला तेव्हा आत धावले, पण तेव्हा धावून काय होणार होतं? जाळीतून सगळं आत गेलं होतं. भिंतीवर, काचेवर पांढरट ओल. मुंगळे उताणे पडून पाय झाडत होते. काही तशातही कोश तोंडात धरून होते.

तुम्ही चारच्या सुमाराला आलात. चपला काढायच्या आधीच तुम्हाला वासावरून कळलं असावं. फळीपुढे उभ्या राहिलात. मग चौकट खाली घेतलीत, मांडीवर ठेवलीत. राणी शेवटी मेली, अंधार पडायच्या जरा आधी. तोवर तुम्ही हलला नाहीत.

"विसरलीस का गं?" तुम्ही विचारलंत. आवाज चढला नव्हता.

"हो," मी म्हटलं. "गडबडीत विसरले."

"असू दे," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ती चौकट सोड्यानं धुवायला लागलात. आठ दिवस रोज धुतलीत, रोज उन्हात ठेवलीत. मग अंगणातले तीन मुंगळे आणून आत सोडलेत. तीनही दुपारपर्यंत मेले. लाकडानं औषध पिऊन घेतलं होतं. भावजींच्या हातचं ते घर मुंग्यांच्या कामाचं उरलं नव्हतं. तुम्ही ते परत लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवलंत आणि दुपारी झोपायला लागलात. त्याआधी तुम्ही दुपारी कधी झोपल्याचं मला आठवत नाही.

ते वर्ष फार लांबलं. कामाचं तेवढं बोलायचं. मीठ दे, दूध आलं का, आज आमटी कशाची. एक आख्खी बाई घरात असताना घर इतकं रिकामं असू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी दुपारी तुमच्या पाठीकडे बघत बसायची. सांगावंसं वाटायचं. तोंड उघडायची आणि म्हणायची, "पंखा देऊ का?"

पुढच्या जुलैत चार दिवस उघडीप पडली. विहिरीपाशी धुणं धूत होते तर दगडावर एक राणी चालताना दिसली. पंख नुकतेच गाळलेले, पाठीवर त्यांचे खुंट. मी धुणं तसंच टाकून औषधाची रिकामी बाटली आणायला धावले. ओल्या हातांनी ती बाटली मी तुमच्यापुढे धरली. तुम्ही बाटलीकडे पाहिलंत, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलंत.

"कुठं सापडली?"

"विहिरीवर."

"आता दीड महिना हिच्याकडे बघायचं नाही. अंधारात ठेवायची, हलवायची नाही."

"आणि खायला?"

"काही लागत नाही. पंख गळले तरी पंख हलवणारं मांस आत असतंच. ते जिरवून ती पहिली पोरं वाढवते." मग थोडं थांबून म्हणालात, "बुचाऐवजी कापूस लाव. तिला श्वास घेऊ दे."

या खेपेला आपण लोणच्याची मोठी काचेची बरणी घेतली, तिच्या आत एक छोटी बाटली उभी केली आणि मधल्या जागेत चाळलेली माती भरली, म्हणजे त्यांना बाहेरच्या काचेला लागूनच बिळं करावी लागतील आणि आपल्याला दिसतील. ही युक्ती माझी. तुम्ही भावजींच्या आठवणीनं म्हणालात, "यांना आवडली असती." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी आहे, वन्सं. मी ती कुणाला सांगितली नाही.

पहिले सहा मुंगळे निघाले, अगदी लहानखुरे. राणीनं उपाशीपोटी वाढवलेले. पुढे साठ झाले, मग दोनशेच्या वर. आपल्या दुपारी परत आल्या. आणि आपला तो वाद, जो शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायची, त्यांना एकमेकांची माया असते. तुम्ही म्हणायचात, माया कसली, वास असतो. आपल्या घरचा वास आला की आपला, नाही आला की परका. मेलेल्याला ते उचलून उकिरड्याच्या कोपऱ्यात टाकतात, तेही वास बदलला म्हणून.

"पण लगेच नाही टाकत," मी म्हणायची. "दीड-दोन दिवस ठेवतात."

"तोवर वास बदललेला नसतो."

"कशावरून? सोडवत नसेल."

"तू म्हणजे ना, मालू!" तुम्ही म्हणायचात, पण चिमट्यानं मेलेला काढायला जाताना हात दोन दिवस आवरायचात. माझ्यासाठी आवरायचात, हे मला कळायचं.

गेल्या महिन्यात तुमची छाती कफानं भरली आणि यांनी तुम्हाला टांग्यातून स्टेशनावर आणि तिथून कल्याणच्या दवाखान्यात नेलं. मी रोज डबा घेऊन यायची. शेवटच्या दिवशी तुम्ही उशीला टेकून बसला होतात, तोंडावर तरतरी होती. आधी बरणीची चौकशी. वात ओली आहे ना, उकिरडा साफ केलास ना, कोश कुठल्या बाजूला आहेत. मी सगळं सांगितलं. मग तुम्ही माझा हात धरलात. आपण दोघींनी एकमेकींचा हात असा कधी धरला नव्हता.

"आणखी काही सांगायचंय का तुला?" तुम्ही विचारलंत.

फवारणीचं ओठांवर आलं होतं. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्याकडे बघत होती. भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजवत आया फिरत होती. मी म्हटलं, "गवळी दूध पातळ घालतोय हल्ली."

"बदल मग त्याला," तुम्ही म्हणालात, आणि हात सोडलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे दवाखान्यातून एकटे परत आले.

आज दुपारी जानकीबाई आली होती. इतके दिवस माणसांत यायची आणि एका बाजूला बसून जायची. आज माझ्याजवळ बसली. मी तिला चहा दिला. मला रडू आलं आणि तिच्यापुढे आवरलं नाही. तिला वाटलं, हे नेहमीचं रडणं. मी म्हटलं, "नाही हो जानकीबाई. मी त्यांच्याशी एक खोटं बोलले, ते तसंच राहिलं." आणि फवारणीचं सांगायला लागले.

तिनं मला मध्येच थांबवलं. "तिला ठाव व्हतं गो."

"काय ठाऊक होतं?"

"मी ओटीवर व्हते ना तवा. तो इचारत व्हता, तू राहू दे बोललीस, समदा आयकला मी. त्याच सांजचा तिला सांगला. माझ्या पोटात काय ऱ्हात नाय."

त्याच संध्याकाळी. म्हणजे मी 'विसरले' म्हटलं, त्याच्यानंतर तासाभरात.

"मग त्या काय म्हणाल्या?"

जानकीबाईनं कप खाली ठेवला. "मंग मना इचारलं, ती असा का करील? मी बोलले, तू त्या दिसा अंडी खाते बोललीस, तिला लागला असंल. तर तिना कपालावर हात मारला. रडली गो. बोलली, माझ्या मनात तसा काय नव्हता, मी त राणीचा सांगत व्हते."

"मग मला का नाही म्हणाल्या?"

"मी पन तेच बोलले. जा, माफी माग, मिटवून टाक. तर ती बोलली, जानकीबाई, आता माफी मागली तर तिला समजंल की मना ठाव हाय. मंग ती माझ्यासमोर मान वर करून कशी राहील या घरात? तिची ती सांगंल तवा सांगंल."

जानकीबाई गेली. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला, तिचा तो खरखरीत हात.

चार वर्षं, वन्सं. मी बाटली तुमच्यापुढे धरली तेव्हा तुम्ही इतका वेळ माझ्या तोंडाकडे का पाहिलंत, ते आज कळलं. तुम्ही वाट बघत होतात. दुपारी पाठ करून झोपायचात तेव्हा जाग्याच असणार. दवाखान्यात विचारलंत तेही त्यासाठीच. आणि मी तुम्हाला गवळ्याचं सांगितलं.

तुमच्यावर राग येतो मला. मोठ्या होतात, तुम्ही बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून राहिले असते चार दिवस, चार महिने, काय बिघडलं असतं? आणि लगेच दुसरं मनात येतं. भावजींच्या हातचं एकुलतं एक उरलेलं घर जिनं जाणूनबुजून मरू दिलं, तिला या घरात ताठ मानेनं राहता यावं म्हणून तुम्ही आपलं दुःख आणि आपली माफी दोन्ही गिळून टाकलीत, आणि रोज तिच्या हातचं जेवलात. माझ्यासाठी असं कुणी काही केलेलं नाही. आईनंसुद्धा.

हे यायला अजून दोन तास आहेत. दारं लावून घेतली आहेत. तुमच्या खोलीत कुणी ऐकायला नाही हे माहीत आहे, तरी मघाशी मोठ्यानं म्हटलं. मी विसरले नव्हते. मी ती काच मुद्दाम ठेवली. आणि तुम्ही मला उद्देशून बोलला नव्हतात.

बोलायला मिनिटभरही लागलं नाही, वन्सं. एक दुपार पुरली असती आपल्याला, आणि आपल्यापाशी चार वर्षांच्या दुपारी होत्या.